निळ्या कापडाचं दुसरं अर्ध

शुद्धलेखनाच्या चुकांची आणि माझ्या अक्षराची माफी आधीच मागून टाकते, म्हणजे पुढे मोकळेपणाने लिहिता येईल. ही वही कुणी वाचणार नाही, हे मला माहीत आहे. पण माझी सवयच तशी. खुर्चीला धक्का लागला तर मी खुर्चीलाही सॉरी म्हणते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. पाचवीची शाळा पलीकडच्या गावाला होती आणि मध्ये ओढा होता, एवढंच त्याचं कारण. ऱ्हस्व-दीर्घ चौथीतही येत नव्हतं, त्यामुळे त्याचा दोष ओढ्याला देता येत नाही. अक्षराचं म्हणाल तर मी किराण्याची यादी लिहून दिली की मुलगा दुकानातून फोन करतो, "आई, हे काय आहे? मेथी की माती?"

माझी बहीण दर रविवारी फोनवर विचारते, "तिकडे दिवसभर करतेस काय गं?" मी म्हणते, "काही नाही, घरातलंच." फोन स्वयंपाकघरात स्पीकरवर असतो आणि सगळ्यांच्या देखत मला बोलायला सुचत नाही. म्हणून इथे लिहिते. मी दर गुरुवारी म्युझियममध्ये कामाला जाते.

आम्ही अमेरिकेत मॉरिसव्हिलला राहतो. मुलगा आणि सून दोघंही कॉम्प्युटरवाले. नात दहा वर्षांची. गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला एका म्युझियमच्या कॅम्पला घातलं. आफ्रिकेतल्या बायकांनी केलेल्या वस्तूंचं छोटंसं म्युझियम. गाडीने वीस मिनिटांवर तंबाखूचं एक जुनं गोदाम आहे, त्यात पुढे दोन खोल्या आणि मागे एक. लहान मुलाबरोबर घरचं मोठं माणूस थांबलं तर फी कमी होती. मुलगा म्हणाला, "आई, तू थांब ना. नुसतं बसायचं तर आहे."

ते म्युझियम ज्या चालवतात त्या बाई मूळच्या नायजेरियाच्या. उंच, डोक्याला रंगीत फडकं बांधलेलं, आणि हसल्या की बाहेर पार्किंगमध्ये ऐकू जातं. कुठली वस्तू कुठे मांडायची, कशाशेजारी काय ठेवायचं, खालच्या चिठ्ठीवर काय लिहायचं, सगळं त्या ठरवतात. अशा माणसाला क्युरेटर म्हणतात, हे मला नातीने सांगितलं. तोवर मी त्यांना तिथल्या हेडबाई समजत होते. नात मला आजी म्हणते हे ऐकून त्याही मला आजी म्हणायला लागल्या. मग तिकिटाच्या टेबलावर बसणारे काकाही म्हणायला लागले. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि मी बासष्टची. पण त्यांना सांगणार कोण?

तिसऱ्या दिवशी बाई मागच्या खोलीत एक कापड मांडीवर घेऊन बसल्या होत्या. जुनं कापड भिंतीवर खिळे ठोकून लावायचं नसतं. मागच्या बाजूने सुती पट्टी शिवून नेफा करायचा, नेफ्यातून लाकडी दांडी घालायची आणि दांडी टांगायची. बाईंना सगळं येतं, शिवण येत नाही. सुई अशी धरली होती की आता कुणाला तरी इंजेक्शन देणार. मला बघवेना. मी त्यांच्या हातातून सुई घेतली. टाका पुढच्या बाजूला उमटता कामा नये, मागचा एखादा धागाच तेवढा उचलायचा, हे त्यांनी खुणेने दाखवलं. एवढं मला दाखवायची गरज नव्हती, पण मी मान हलवली.

कॅम्प संपला त्या दिवशी गाडीत नात म्हणाली, "आजी, शी वॉन्ट्स यू एव्हरी थर्सडे."

"मला कुठे विचारलं त्यांनी?"

"विचारलं ना! यू जस्ट स्माइल्ड."

अशी माझी नेमणूक झाली. सुनेचं ऑफिस त्याच वाटेवर आहे, ती जाता-येता मला सोडते आणि घेते.

त्या म्युझियममध्ये प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी असते. वस्तू कुठली, कुणी विकत घेतली, कुणी दान दिली, सगळं लिहिलेलं. करणारीच्या नावापुढे मात्र जवळजवळ सगळीकडे "माहीत नाही". याचा बाईंना फार राग येतो. एकदा नात बरोबर होती तेव्हा एका मडक्याजवळ उभ्या राहून त्या बोलल्या आणि नातीने मला सांगितलं, "आजी, ती म्हणते, घेणाऱ्याचं नाव आहे, त्याच्या बायकोचं आहे, फोटोत त्यांचा डॉग आहे त्याचंपण आहे. जिने पॉट केलं तिचंच नाही."

मला आमची गल्ली आठवली. गोधडीवर तरी कोण नाव घालतं? पण आम्हाला नावाची गरज नव्हती. टाका बघितला की कळायचं, ही कुणाची. एकीचे टाके तांदळाएवढे, एकीचे तिरपे. माझ्या जावेचे टाके सासूबाईंशी भांडण झालं की लांब पडायचे. तिची एक गोधडी आहे, ती उलटून बघितली की अख्खं वर्ष कसं गेलं ते सांगता येतं.

आता त्या निळ्या कापडाचं लिहिते. बाईंच्या देशात त्याला आदिरे म्हणतात. पांढऱ्या कापडावर कोंबडीच्या पिसाने खळीची नक्षी काढायची, वाळवायची आणि कापड निळीत बुडवायचं. जिथे खळ आहे तिथे रंग चढत नाही. मग खळ खरवडून धुतली की निळ्यावर फिकी नक्षी राहते. हे सगळं बायकांचं काम, आई मुलीला शिकवते. खळ कसावा नावाच्या कंदाची. नातीने फोनवर त्याचा फोटो दाखवला तेव्हा मी उडालेच. साबुदाणा त्याचाच तर करतात! म्हणजे आमच्या सुती साड्यांना घालायची तीच खळ.

आदिरेचं नेसायचं वस्त्र दोन लांब पट्टे शेजारी-शेजारी शिवून करतात. म्युझियममध्ये एकच पट्टा होता. नेफा शिवताना मला त्याच्या एका लांब काठावर सुईची बारीक भोकं दिसली, मधे मधे फिक्या दोऱ्याचे तुकडेही. शिवण उसवून अर्ध काढून घेतलेलं. शिवणारणीची एक लकब होती. थोडे साधे टाके घालायचे, मग एक उलटा टाका घालून शिवण पक्की करायची, पुन्हा साधे. उलट्या टाक्याजवळचं भोक जरा मोठं. मी त्यावरून बोट फिरवलं आणि बरं वाटलं. माझी आईही असंच शिवायची, फक्त तिचे टाके जवळ असायचे.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी बाई मला एका मोठ्या घरी घेऊन गेल्या. घरमालकीण वारल्या होत्या आणि त्यांचं सगळं सामान विकायला काढलं होतं. सोफ्यापासून चमच्यापर्यंत प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी. बाईंना मण्यांच्या कामाची टोपली बघायची होती. मी जेवणघरात उभी राहिले, कारण तिथे माणसं कमी होती. टेबलावर काचेची भांडी मांडलेली आणि भांड्यांखाली टेबलक्लॉथ म्हणून निळं कापड. तशीच नक्षी. वापरून वापरून फिकं पडलेलं.

नक्षी तशीच असण्यात विशेष नाही, हे मला कळत होतं. तीच नक्षी शंभर घरांत काढतात, असं बाईंनीच सांगितलं होतं. कडेला मशीनची दुमड होती. एका कोपऱ्यात ती वीतभर उसवली होती. मी वाकून आत बघितलं. आत कापड गडद निळं, आणि त्यावर सुईची भोकं. साधे, साधे, साधे, मग मोठं भोक. मग पुन्हा साधे.

मी धावत जाऊन बाईंची बाही ओढली. नात शाळेत होती. बोलणं मलाच भाग होतं. "सेम," मी म्हणाले. "सेम लेडी."

बाईंनी वाकून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "आजी, शुअर?"

"शुअर."

टोपीवाला एक माणूसही त्या कापडाचे फोटो काढत होता. बाईंनी विकणाऱ्या मुलीला काहीतरी विचारलं आणि माझ्याकडे वळून दोन बोटांची कात्री करून दाखवली. "पिलो," त्या म्हणाल्या. तो माणूस जुनी कापडं कापून उशांचे अभ्रे करून विकायचा.

चिठ्ठीवर एकोणीसशे डॉलर लिहिले होते. कमिटीला न विचारता म्युझियमचे पाचशेच खर्च करता येतात. बाईंनी स्वतःचं कार्ड पुढे केलं, ते मशीनने घेतलं नाही. त्यांनी दुसरं काढलं, तेही नाही. टोपीवाला फोनवर कुणाशी तरी भाव पक्का करत होता.

माझ्या पर्समध्येही एक कार्ड होतं. बाळांची दुपटी शिवून आणि दिवाळीला चकल्या करून मी साडेसोळाशे डॉलर साठवले होते. बहिणीकडे जायच्या तिकिटाचे. मुलाकडे मागितले असते तर त्याने लगेच दिले असते, पण मला ते तिकीट माझ्या पैशांचं हवं होतं. ते कार्ड मी दुकानात कधी वापरलं नव्हतं. पाचशेच्या वरचे मी भरते अशी खूण केली, तेव्हा बाई दोनदा "आय पे बॅक, आजी" म्हणाल्या. चार आकडे मी एक एक करून दाबले आणि मागे रांग उभी होती. मी रांगेला सॉरी म्हटलं.

म्युझियममध्ये आल्यावर बाईंनी आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढले, मग मला मशीनची दुमड उसवू दिली. लांब टेबलावर दोन्ही कापडं काठाला काठ लावून ठेवली. जुळेनात. नवीन कापड चांगलं वीतभर आखूड. एका टोकाकडून भोकं जुळवत गेलं की हातभरातच चुकायची. कापड उलटं फिरवून बघितलं, तरी तेच.

बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "इट्स ओके, आजी."

ते ओके मला चौदाशे डॉलरला पडलं होतं.

घरी पोचायच्या आधी मुलाच्या फोनवर बँकेचा मेसेज पोचला होता. माझं खातं त्यानेच उघडून दिलेलं.

"आई, कार्ड हरवलं का तुझं? कुणीतरी फोर्टीन हंड्रेड काढलेत."

"मीच काढले."

"कशाला?"

"टेबलक्लॉथ घेतला."

तो सोफ्यावर बसला. "चौदाशेचा टेबलक्लॉथ?"

"अर्धाच," मी म्हणाले. खरं तेच सांगितलं.

सून किचनमधून हसत बाहेर आली. तिला गाडीत मी थोडं सांगितलं होतं. मुलगा म्हणाला, "हसतेस काय? त्या बाईंनी आईला गंडवलंय, यार. लिहून तरी दिलंय का काही? कधी देणार पैसे?"

"तुझा तो ड्रोन गॅरेजमध्ये पडलाय," सून म्हणाली, "तो कितीचा होता? आईंचे पैसे आहेत, त्या बघतील."

"मी पैशांचं नाही म्हणत. तिचं तिकीट होतं ते."

पैसे परत मागायचे म्हणजे बाईंसमोर तोंड उघडायचं. कापड एकाच बाईचं नसेल तर मागणार तरी कुठल्या तोंडाने? मीच शुअर म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायरमधले कपडे घडी करत होते. नातीचा सुती पायजमा इतका आटला होता की बाहुलीला आला असता. शिवणीपाशी सगळं गोळा होऊन आलेलं. मी तो पायजमा हातात धरून तशीच उभी राहिले. टेबलक्लॉथ त्या घरात किती वेळा मशीनमध्ये गेला असेल! ते कापड आटलं होतं. पण कापड आटलं म्हणून टाके कमी होत नाहीत. मापायचं नव्हतंच, मोजायचं होतं.

बाईंना फोन मी स्वतः केला. आयुष्यातला माझा पहिला इंग्रजी फोन. आधी कागदावर लिहून घेतलं होतं, पण ऐन वेळी स्वतःचंच अक्षर लागेना. "आय काउंट," मी म्हणाले. "टुडे." बाई पलीकडून दोनदा "व्हॉट?" म्हणाल्या, मग म्हणाल्या, "कम."

सुनेने एक मीटिंग कॅन्सल केली. तिने टेबलक्लॉथ घेतला, मी जुना पट्टा. दोघींच्या हातात भिंग. दोन मोठ्या भोकांच्या मधली बारीक भोकं मोजायची. मी आधी मोजून सगळे आकडे बाईंना सांगितले आणि त्यांनी ते कागदावर लिहून घेतले. मग सून मोजायला लागली.

"सेव्हन."

बाईंनी कागदावर खूण केली.

"सेव्हन. सिक्स. सेव्हन."

बाईंनी आणखी तीन खुणा केल्या. सात तर कुणाचेही पडतील, हे आम्हा तिघींनाही कळत होतं. पुढे माझा नऊचा आकडा होता. एवढा लांब टप्पा त्या शिवणारणीने दुसरीकडे कुठेच नेला नव्हता. कुणीतरी हाक मारली असेल, चुलीवर काही उतू गेलं असेल, उलटा टाका घालायचा राहिला असेल. मी सुनेच्या तोंडाकडे बघत होते.

"एट... थांबा हं. आई, हे भोक आहे की डाग?"

"भिंग तिरकं धर."

"भोक आहे. नाइन."

बाई अशा ओरडल्या की तिकिटाचे काका धावत आले. पुढचे आकडेही शेवटपर्यंत जुळले. एके ठिकाणी दोरा संपून तिने दोन गाठी मारल्या होत्या, त्या जागेची दोन मोठी भोकंही दोन्हीकडे होती. बाईंनी मला उचललं. खरंच उचललं, जमिनीवरून. मी सॉरी म्हणाले.

कमिटीने कापड बघितलं, टाळ्या वाजवल्या आणि या वर्षी पैसे नाहीत असं सांगितलं. बाईंना ते माझ्यापेक्षा जास्त लागलं. त्यांनी ठरवलं की शनिवारी मोठ्या माणसांसाठी पिसाने आदिरे काढायचा वर्ग घ्यायचा आणि त्याची जी फी येईल ती आधी आजींना द्यायची. कमिटीने याला मात्र मान डोलावली. कसाव्याचं पीठ मागवलं होतं, ते वेळेवर आलं नाही. मी म्हणाले, साबुदाणा आहे.

शुक्रवारी मी मोठं पातेलंभर खळ शिजवली. बाईंनी सांगितल्याप्रमाणे त्यात जराशी तुरटी घातली आणि पातेलं निवत ठेवून अंघोळीला गेले. त्या दिवशी संकष्टी होती. सून घरूनच काम करत होती आणि उपाशी होती. मी बाहेर आले तर ती पातेल्याजवळ वाटी आणि चमचा घेऊन उभी.

"आई, खीर केलीत? साखर घालायला विसरलात. मी घातली."

"किती?"

"सगळ्यातच घातली. आणि दूधपण. पण जीभ अशी काय होतेय माझी?"

पुन्हा साबुदाणा भिजवला. सुनेला काही झालं नाही, फक्त संध्याकाळपर्यंत ती ओठ आवळून मीटिंग घेत होती. वर्गाला चौदा जण आले. त्यात महाराष्ट्र मंडळातल्या दोन काकूही होत्या. एकीने खळीत पीस बुडवलं आणि मला हळूच विचारलं, "ही उपासाला चालते का हो?"

सून मागून म्हणाली, "नाही चालत, काकू. मी बघितलंय."

खळ किती घट्ट हवी ते दाखवायचं काम माझं. मी बोलत नाही. पळी वर धरते, धार सोडते आणि मान हलवते. सगळ्यांना समजतं. तो वर्ग आता महिन्यातून एकदा असतो.

उन्हाळ्यात दोन्ही पट्टे शेजारी-शेजारी टांगले. जोडायचे नाहीत, असं बाईंनी ठरवलं. आटलेलं आटलेलंच दिसू दे, म्हणाल्या. त्यांना चिठ्ठीवर माझं नाव घालायचं होतं. मी इतकी मागे सरकले की भिंतीला टेकले. मग त्यांनी ते सोडून दिलं. नातीने चिठ्ठी मला मराठीत वाचून दाखवली. तिचं मराठी अडखळत होतं, पण मला कळलं. "हे कापड शिवणाऱ्या बाईचं नाव आम्हाला माहीत नाही. ती सात टाक्यांनी एक उलटा टाका घालायची. एकदा ती विसरली." चिठ्ठीत इतर सगळी माहिती याच्या खाली आहे. विकत कुणी घेतलं, ते सगळ्यात शेवटी.

पैसे पाकिटातून यायचे, वर्ग झाला की पुढच्या गुरुवारी. पाकीट हातात आलं की मी मान खाली घालून पर्समध्ये टाकायची. बाई म्हणायच्या, "काउंट, आजी." मी म्हणायची, "नो, नो." जी दीड तास भोकं मोजत बसली ती नोटा मोजायला लाजते, याचं त्यांना फार हसू यायचं. मुलगा मात्र दर वेळी विचारायचा, "आता किती राहिले?" मी म्हणायची, "येतील." मधे दोन महिने एकही पाकीट आलं नाही, कारण निळीची मोठी टाकी फुटली आणि ती नवी घ्यावी लागली. तेव्हा माझा आवाज जरा लहान झाला होता, हेही खरं लिहायला हवं.

या गुरुवारी बाई पाकीट न घेता आल्या. मला खुर्चीवर बसवलं, समोर दुसरी खुर्ची ओढली आणि एक एक नोट माझ्या तळहातावर ठेवत मोठ्याने मोजायला लागल्या. तिकिटाचे काका बघत होते, शाळेची ट्रिप आली होती ती मुलं बघत होती. मला कुठे बघावं कळेना. शेवटची नोट ठेवून बाई म्हणाल्या, "फिनिश्ड. ऑल."

मी खाली बघितलं आणि मनातल्या मनात पुन्हा एकदा मोजलं. एकशे ऐंशी. आधीचे बाराशे वीस. चौदाशे पुरे झाले.